कॅमेऱ्याआधी रिव्ह्यूवाल्याला पारखा!

बोनस खात्यात पडलाय, ऑफिसातल्या दोघांनी ऑलरेडी मिररलेस घेतलाय आणि तुम्ही रात्री एक वाजता अकरावा रिव्ह्यू बघताय. प्रत्येक जण म्हणतोय, ‘डोळे झाकून घ्या!’ लाखभराचा मामला आहे बॉस, डोळे जरा उघडे ठेवा.

पहिली गंमत तारखेची. नवा कॅमेरा आला की एकाच दिवशी, एकाच तासाला ढीगभर व्हिडिओ पडतात. योगायोग नाही हो! कंपनी कॅमेरा आधीच हातात देते आणि अमुक वेळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी अट घालते. ही मंडळी खोटंच बोलतात असं नाही. पण चार दिवसांच्या ओळखीवर माणूस सांगून सांगून किती सांगणार?

निकॉनचा डी ६०० घ्या. सप्टेंबर २०१२मध्ये आला आणि स्वस्तातला फुल फ्रेम म्हणून कोण कौतुक झालं! मग लोकांच्या फोटोंत निळ्याशार आकाशावर ठिपके दिसायला लागले. सेन्सरवर घाण बसत होती. लेन्सरेंटल्स या अमेरिकेतल्या, कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या रॉजर सिकाला यांनी महिन्याभरातच याबद्दल लिहिलं. त्यांना कसं कळलं? त्यांच्याकडे एक पीस नव्हता, पुष्कळ होते. शिवाय गिऱ्हाइकाकडून परत आलेला प्रत्येक कॅमेरा त्यांना साफ करावा लागे. २०१३मध्ये डी ६१० बाजारात आला आणि २०१४मध्ये निकॉनने डी ६००चं शटर फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. लाँचच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी नंतर याबद्दल कोण बोललं, ते बघा. तीच खरी परीक्षा!

आता पैशाचं. व्हिडिओखालच्या लिंकवरून खरेदी झाली की रिव्ह्यूवाल्याला कमिशन मिळतं. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या आणि केंद्र सरकारच्या २०२३च्या नियमांनुसार पैसे, फुकट वस्तू किंवा कंपनीच्या खर्चाने सहल मिळाली असेल, तर तसं स्पष्ट सांगावं लागतं. न सांगणाऱ्यापासून चार हात लांब. पण पैसा दिसला की माणूस विकला गेला, असंही नाही. १९९८मध्ये सुरू झालेलं डीपीरिव्ह्यू २००७मध्ये चक्क अॅमेझॉनने घेतलं. म्हणजे दुकानदारच मालक! तरी त्यांच्या टेस्टवर लोकांचा भरवसा राहिला. कारण सोपं होतं. सगळे कॅमेरे एकाच सेटअपसमोर, आणि रॉ फाइल्स डाउनलोडला खुल्या. पटत नसेल तर स्वतः झूम करून बघा!

शिव्या घालणाऱ्यालाही व्ह्यूज मिळतात, हे मात्र विसरू नका. ‘घेऊ नका!’ असं लाल अक्षरांत ओरडणाराही धंदाच करतोय.

एवढं करूनही मन डळमळतंय? वीकएंडला तोच कॅमेरा भाड्याने घ्या, संध्याकाळच्या उजेडात घरातल्यांचे फोटो काढा. रिव्ह्यूवाला पटला असेल तर खरेदी खुशाल त्याच्या लिंकवरून करा. एरवी कमिशन दुकानदाराच्या खिशातून जातं, तुमच्या नाही.