हार्डन का दिला?

२७ ऑक्टोबर २०१२ रोजी ओक्लाहोमा सिटी थंडर या एनबीए संघाने जेम्स हार्डनला ह्यूस्टनकडे देऊन टाकले. चारच महिन्यांपूर्वी हा संघ अंतिम फेरी खेळला होता. ड्युरंट, वेस्टब्रूक आणि हार्डन, तिघेही जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचे. पुढे तिघेही लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. या व्यवहाराला सर्रास कंजूषपणा म्हटले जाते. मला ते अर्धेच पटते.

एनबीएची पगारमर्यादा ताठर नाही. २०१२-१३ साठी ती ५ कोटी ८० लाख डॉलर होती, पण आपलेच खेळाडू राखायचे तर ती ओलांडता येते. खरी कात्री पुढे आहे. तेव्हा साधारण ७ कोटींवर पगार गेला की कर बसत असे आणि २०११च्या करारनाम्याने २०१३-१४ पासून तो चढता केला: पहिल्या ५० लाखांवर डॉलरमागे दीड डॉलर, दीड कोटीपलीकडे सव्वातीन. म्हणजे हार्डनला एक डॉलर देताना मालकाच्या खिशातून अडीच ते सव्वाचार जाणार. बदल्यात आलेल्या केविन मार्टिनचा करार २०१३ मध्ये, नेमका चढता कर सुरू होण्याआधी, संपत होता. शिवाय निवडीचे हक्क मिळाले. त्यातल्या एकावर स्टीवन ॲडम्स आला.

हिशेब चोख होता; फक्त मर्यादा जागची हलणार नाही, असे त्यात गृहीत होते. २०१६ मध्ये दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे ती ७ कोटींवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली. त्या मोकळ्या झालेल्या जागेत गोल्डन स्टेटने ड्युरंटलाच नेले.