लोखंडी डिस्क की सिरॅमिक? पेडणे-डिचोलीच्या रस्त्यांपुरता निवाडा

डिचोली तालुक्यात मांडवीच्या काठी आमोण्याला पिग आयर्नचा कारखाना आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तिथल्या झोतभट्टीतून फौंड्रीला लागणारं कच्चं लोखंड निघतं. मोटारींचे ब्रेक ड्रम आणि डिस्क फौंड्रीत अशाच लोखंडापासून ओततात. तिथून वायव्येला, पेडणे तालुक्यात, मोपाचं पठार लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे उतरणारी एअरबस ए३२० विमानं थांबतात ती चाकांतल्या कार्बनच्या चकत्यांवर. एकाच उत्तर गोव्यात ब्रेकची ही दोन टोकं आहेत. स्पोर्ट्स कार विकत घेणाऱ्याला लोखंडी डिस्क घ्यायची की कार्बन-सिरॅमिक, म्हणजे या दोहोंपैकी कुठल्या टोकाकडे झुकायचं, हे ठरवावं लागतं.

ब्रेकचं काम म्हणजे वेगाची उष्णता करणं आणि ती हवेत सोडून देणं. दीड टनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. वेग २०० असेल तर ती चौपट होते. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो, आणि अशा एका थांब्यात दहा किलोची लोखंडी डिस्क दीडेकशे अंशांनी तापते. एकदा थांबलात तर काही बिघडत नाही. पण शर्यतीच्या ट्रॅकवर दर वळणाला जोरात ब्रेक मारावा लागतो आणि डिस्क निवायला उसंत मिळत नाही. डिस्कवर घासणारे पॅड मर्यादेपलीकडे तापले की पकड सुटते, पाय दाबला तरी गाडी हवी तशी थांबत नाही.

साधी डिस्क बिडाची असते. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटपट वाहून नेतात आणि कंपनं शोषून घेतात. म्हणून इतक्या वर्षांनंतरही बिडाला तोडीस तोड स्वस्त पर्याय मिळालेला नाही. त्याचा दोष गोव्यात जूनपासून रोज दिसतो. रात्रभर पावसात उभ्या गाडीची डिस्क सकाळी तांबूस झालेली असते. पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखर ऐकू येते, गंजाचा थर निघून जातो आणि खालचं लोखंड पुन्हा चकाकतं. रोज चालणाऱ्या गाडीला यात धोका नाही. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची डिस्क मात्र गंजाने खड्डे पडून वाया जाते.

कार्बन-सिरॅमिक डिस्क वेगळ्या रीतीने घडते. कार्बनचे आखूड तंतू आणि राळ साच्यात दाबतात, ती चकती भट्टीत भाजून राळेचा कार्बन करतात आणि मग १,४०० अंशांच्या वर वितळलेलं सिलिकॉन तिच्यात मुरवतात. सिलिकॉन आणि कार्बन मिळून सिलिकॉन कार्बाइड होतं, जे अतिशय कठीण असतं. तयार डिस्क काळपट करडी दिसते आणि जवळून पाहिली तर तंतूंचे ठिपके नजरेस पडतात. पोर्शने २००१ मध्ये ९११ जीटी२ ला ही डिस्क मूळ जोडणीतच दिली. तिचे पिवळे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, तेव्हापासून तिची खूण झाले. तिचं वजन लोखंडी डिस्कच्या निम्म्याच्या आसपास असतं. ती गंजत नाही, काळी भुकटी फारशी उडवत नाही आणि लोखंड हार मानतं त्या तापमानालाही टिकून राहते. चाकांवरचं वजन घटल्याने खडबडीत रस्त्यावर चाक जमीन जास्त चांगली धरतं.

या गुणांची किंमत मात्र मोठी आहे. अमेरिकेत ९११ वर हा पर्याय कित्येक हजार डॉलरना पडतो. डिस्कच्या कडेला चाक बदलताना ठोका बसला तर तिचा कपचा उडू शकतो, म्हणून चाक काढताना मार्गदर्शक पिन लावावी लागते. ट्रॅकवर सतत तापल्याने तिच्यातला कार्बनही जळत जातो. त्यामुळे ट्रॅकवर नेहमी जाणारे कित्येक जण सिरॅमिक काढून लोखंडी डिस्क बसवतात.

दुकानात मिळणारे ‘सिरॅमिक पॅड’ आणि सिरॅमिक डिस्क यांची गल्लत करू नये. त्या पॅडच्या मिश्रणात सिरॅमिक तंतू असतात, पण ते घासतात लोखंडी डिस्कवरच.

आता आपल्या रस्त्यांचा विचार करू. एका थांब्यात गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायरच्या पकडीवर ठरतं. लोखंडी डिस्कही चाक जाम करण्याइतका जोर सहज लावते आणि पुढचं काम एबीएस सांभाळतं. म्हणजे पेडण्यातल्या मालपेच्या ओल्या उतारावर सिरॅमिक डिस्क गाडीला आधी थांबवणार नाही. खरा कस लागतो चोर्ला घाटात. सुमारे ८०० मीटर उंचीवरून साखळीकडे उतरताना दीड टनाच्या गाडीला जवळपास पावणेबारा हजार किलोज्यूल जिरवावे लागतात, म्हणजे ताशी २०० वरून पाच वेळा थांबण्याइतके. खालचा गिअर टाकला की त्यातला मोठा भाग इंजिन उचलतं. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल तिन्ही तापतात. हे ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ऑइल उकळलं की पेडल जमिनीला टेकतं आणि तेव्हा डिस्क कोणती आहे याने काही फरक पडत नाही.

म्हणून निवाडा सरळ आहे. चेन्नई, कोईमतूर किंवा ग्रेटर नोएडाच्या सर्किटवर गाडी नेणार असाल आणि डिस्क बदलण्याचा खर्च पेलत असेल, तरच सिरॅमिक घ्या. पेडणे-डिचोलीत फिरण्यासाठी बिडाची डिस्क पुरेशी आहे. वाचलेले पैसे चांगल्या टायरवर घाला, पावसाळ्याआधी पॅड तपासून घ्या आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला.