संवेग व आवेग, वाहनांच्या टकरींतील
वस्तूचे द्रव्यमान व वेग यांच्या गुणाकारास संवेग, तर प्रेरणा व ती कार्य करीत असल्याचा काल यांच्या गुणाकारास आवेग म्हणतात. न्यूटन यांच्या दुसऱ्या गतिनियमानुसार आवेग हा संवेगातील बदलाइतका असतो. पनवेलजवळ कळंबोली येथे सुरू होणाऱ्या व 2002 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील वाहनांच्या उदाहरणाने हा संबंध शिकविता येतो. ताशी 90 किमी. (सेकंदास 25 मी.) वेगाच्या मोटारीतील 60 किग्रॅ. द्रव्यमानाच्या प्रवाशाचा संवेग 1,500 किग्रॅ.मी./से. असतो. मोटार आदळून थांबली की तो शून्य व्हावाच लागतो. बदलता येतो तो केवळ त्यास लागणारा काल. आसनपट्टा न बांधलेला प्रवासी समोर आदळून 0.01 सेकंदात थांबल्यास त्याच्यावर सरासरी 1,50,000 न्यूटन प्रेरणा कार्य करते. पट्टा व मोटारीचा चेपला जाणारा दर्शनी भाग यांमुळे हा काल 0.1 सेकंद झाल्यास ती 15,000 न्यूटन होते. शिरस्त्राणाचे कार्यही याच तत्त्वावर चालते.

15,000 किग्रॅ. द्रव्यमानाचा ट्रक व 1,000 किग्रॅ. द्रव्यमानाची मोटार यांच्या टकरीत दोहोंवरील प्रेरणा सारख्याच असतात; परंतु मोटारीच्या वेगातील बदल ट्रकच्या 15 पट असतो. म्हणून मोटारीतील प्रवाशांना धोका अधिक. पट्टा थांबण्याचा काल वाढवितो, संवेग घटवीत नाही. तो घटविण्यासाठी चालकाने वेगच कमी ठेवावा लागतो.