सैराट (गीतसंग्रह)

'सैराट' हा नागराज मंजुळे दिग्दर्शित त्याच नावाच्या मराठी चित्रपटाचा (२०१६) गीतसंग्रह असून त्याचे संगीत अजय-अतुल या गोगावले बंधूंचे आहे. संग्रहात अवघी चार गीते आहेत.

वडील महसूल खात्यात असल्याने या बंधूंचे बालपण जुन्नर, राजगुरुनगर, शिरूर अशा गावांत गेले. जुन्नर हा ओझरच्या विघ्नेश्वराचा तालुका. योगायोग असा की त्यांचा आरंभीचा संग्रह 'विश्वविनायक' हाही गणेशस्तवनाचाच होता. पुढे 'जोगवा' (राष्ट्रीय पुरस्कार) आणि 'नटरंग' यांमुळे लोकसंगीताचे संगीतकार ही त्यांची ओळख पक्की झाली.

'सैराट'मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली. पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडमधील सोनी स्कोअरिंग स्टेज येथे झाले. खेड्यातल्या दोन पोरवयीन जिवांच्या प्रेमासाठी एवढा थाट कशाला, असा प्रश्न पडू शकतो. 'याड लागलं' त्याचे उत्तर देते. शब्द अस्सल ग्रामीण बोलीतले, भोवती तंतुवाद्यांचा भरगच्च मेळ. या प्रेमाची थट्टा न होता त्याला भव्यता लाभते. म्हणूनच जातीच्या अहंकारातून घडणारा शेवट जिव्हारी लागतो. त्या अखेरच्या दृश्यात संगीत नाहीच. नि:शब्द शांतता आहे.

'झिंगाट'चा बाज निराळा: मिरवणुकीतल्या नाचाचा, धसमुसळा. वरातींनी ते लगेच आपलेसे केले, आणि 'धडक' (२०१८) या हिंदी पुनर्निर्मितीतही त्याची चाल कायम राहिली.