कासवाची प्रतिमा आणि जीवजातींचा लोप

प्राचीन भारतीय काव्यातील पशुपक्षी, वृक्ष आणि वेली यांची नोंद आपण बहुधा ‘कविसमय’ या सदराखाली करतो आणि पुढे जातो. चक्रवाक म्हणजे विरह, चातक म्हणजे एकनिष्ठ प्रतीक्षा, एवढे कळले की त्या पक्ष्याचे काम संपले असे आपण मानतो. तो पक्षी आकाशात आहे की नाही, याच्याशी रसग्रहणाचा संबंध उरत नाही. तमिळ अकम् काव्याच्या अभ्यासकाला मात्र ही सोय उपलब्ध नाही. ‘तोल्काप्पियम्’ने काव्यवस्तूचे मुदल, करु आणि उरि असे तीन भाग कल्पिले आहेत. मुदल म्हणजे स्थळ व काळ. उरि म्हणजे त्या स्थळाला उचित असा मानवी भाव. आणि या दोहोंच्या मधोमध करु, म्हणजे त्या भूमीत उपजणारे आणि वसणारे सारे काही: दैवत, अन्न, प्राणी, पक्षी, वृक्ष, वाद्य, व्यवसाय. ए. के. रामानुजन यांच्या ‘द इंटीरियर लँडस्केप’ या १९६७ च्या अनुवादग्रंथापासून ही मांडणी तमिळेतर अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे. तथापि करु हा भाग सजावटीचा नसून काव्यार्थाचा वाहक आहे, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. एका प्राण्याच्या आधारे तिचा विचार करण्याचा येथे हेतू आहे.

हा प्राणी म्हणजे कासव. ‘नेय्दल’ ही सागरतीराची भूमी. उत्कंठेने झुरणे हा तिचा भाव. ‘अकनानूरु’ या चारशे कवितांच्या संग्रहातील १६० व्या कवितेत अंड्यांनी जड झालेली कासवी वाळूच्या उंचवट्यावर, अडुम्बु वेलीच्या आडोशाला अंडी पुरून ठेवते आणि पिले बाहेर येईपर्यंत नर कासव त्यांची राखण करतो, असे वर्णन आहे. अडुम्बु म्हणजे कोकणच्या पुळणीवरही पसरणारी आपली मर्यादवेल. ज्या किनाऱ्यावर असे घडते त्या किनाऱ्याचा स्वामी तो नायक, अशी या वर्णनाची वाक्यरचनेतील जागा आहे. नायकाविषयी काहीही न सांगता त्याच्या भूमीतील प्राण्याविषयी सांगायचे आणि श्रोत्याने ते नायकाला लावायचे, यालाच तमिळ काव्यशास्त्र ‘उळ्ळुरै’ म्हणते.

आता प्राणिशास्त्राची साक्ष काढली, तर समुद्री कासवाचा नर किनाऱ्यावर अंड्यांच्या राखणीला येत नाही. एकदा पिलू म्हणून समुद्रात शिरल्यावर तो आयुष्यात पुन्हा क्वचितच वाळूला स्पर्श करतो. मादी रात्री वर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून जागा दडपते आणि परत फिरते. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले आपापली बाहेर पडतात. मातापित्यांची आणि त्यांची भेट होत नाही. मग कवीचे निरीक्षण कच्चे होते काय? मर्यादवेलीचा आडोसा, वाळूचा उंचवटा, अंडी पुरण्याची रीत हे सारे अचूक आहे. केवळ राखणदार तेवढा कल्पित आहे. जे जसे आहे तसे पाहून, नेमक्या एका ठिकाणी कवीने वास्तवाशी फारकत घेतली. किनाऱ्यावर राहणाऱ्या श्रोत्याला ही फारकत कळत असली पाहिजे असे मानले, तर नायकावर टाकलेला विश्वास किती नाजूक आहे हेही त्याला कळत असले पाहिजे. असे वाचन सर्वांना मान्य होईलच असे नाही. परंतु कासवाचे वर्तन ठाऊक नसेल तर ते सुचणारही नाही.

मराठीत हाच प्राणी निराळ्या रूपाने येतो. वारकरी संतांच्या वाणीत कासवी माता आहे. ती पिलांना स्तन्य देत नाही, जवळही घेत नाही, दुरून केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. ‘कूर्मदृष्टी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. संस्कृत तांत्रिक परंपरेत, ‘कुलार्णवतंत्रा’त, ही वाटणी किंचित वेगळी आहे: पक्षीण स्पर्शाने, मासोळी दृष्टीने आणि कासवी ध्यानाने पिलांना वाढवते. दृष्टी, ध्यान आणि तमिळ कवितेतील पित्याची राखण ही तीन उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अंडी घालून आई निघून जाते आणि तरीही पिले जगतात, हे कोणीतरी नीट पाहिले होते. पाहिले नसते तर प्रश्नच पडला नसता. गाय, वानरी किंवा चिमणी यांच्याबाबतीत दृष्टीने पोसण्याची कल्पना करण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण त्यांचे पोसणे डोळ्यांना दिसते. कासवीच्या बाबतीत दिसते ती अनुपस्थिती, आणि त्या अनुपस्थितीला परंपरांनी आपापल्या स्वभावानुसार अर्थ दिला. जो देव दिसत नाही पण सांभाळतो, त्याला याहून जवळचा दृष्टांत मिळणे कठीण.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठी संतांचे कासव समुद्राचे असण्याचे कारण नाही. देहू, पैठण आणि पंढरपूर ही नद्यांची गावे आहेत. दख्खनच्या नद्यांत मऊ पाठीचे एक मोठे कासव राहते. लीथ या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी ही जात जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८७२ मध्ये पुण्याकडील नमुन्यावरून शास्त्रीय वाङ्मयात आणली. ती द्वीपकल्पीय भारताबाहेर कोठेही नाही. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या तिन्ही खोऱ्यांत ती आढळते, म्हणजे मराठी आणि तमिळ भूमीत ती समाईक आहे. तीही तीरावर अंडी पुरून निघून जाते. (गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील, अवयव आत ओढून घेणारे कासव मात्र समुद्राचे असू शकत नाही. समुद्री कासवांना डोके आणि वल्ही कवचात ओढून घेता येत नाहीत. एका ‘कूर्म’ शब्दाखाली आपण किती निरनिराळे प्राणी एकत्र बांधले आहेत, याची ही एक खूण.)

मुद्दा असा की, प्रतिमेचा अर्थ प्राणी आणि कल्पना यांच्यामधील अंतरात वसतो, आणि ते अंतर मोजण्यासाठी प्राणी हयात असावा लागतो. म्हणून जीवजातींचा लोप हा विषय केवळ प्राणिशास्त्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

संपूर्ण जीवजात नष्ट होऊ शकते ही कल्पनाच तशी अर्वाचीन आहे. १७९६ मध्ये पॅरिस येथे जॉर्ज क्यूव्हिए यांनी भारतीय हत्ती, आफ्रिकी हत्ती आणि भूमीत सापडणारे मॅमथचे अवशेष यांची तुलना करून मॅमथ ही वेगळी आणि आता नसलेली जात आहे असे दाखविले; तेव्हापासून लोप ही वस्तुस्थिती म्हणून मान्य होत गेली. पुढे खडकांतील नोंदींवरून पाच महालोप निश्चित झाले: सुमारे ४४.५ कोटी, ३७.२ कोटी, २५.२ कोटी, २०.१ कोटी आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. भूशास्त्रीय दृष्ट्या अल्प काळात तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक जाती नाहीशा होणे, ही महालोपाची आज सामान्यतः स्वीकारली जाणारी कसोटी आहे. त्यांतील तिसरा सर्वांत भयंकर. त्यात समुद्रातील दहापैकी सुमारे नऊ जाती संपल्या.

आपल्याशी निकटचा संबंध आहे तो पाचव्याचा. महाराष्ट्राचा काळा पाषाण त्याच काळाचा. दख्खनचा लाव्हा दहा लाख वर्षांहून कमी अवधीत मुख्यत्वे बाहेर पडला; आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. त्याचे काही प्रवाह हजार किलोमीटर वाहत आंध्रातील राजमहेंद्रीपर्यंत गेले. गोदावरी ज्या खडकात उगम पावते त्याच खडकाचे तुकडे तिला मुखाजवळ पुन्हा भेटतात. लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये इरिडियमच्या थरावरून अशनिपाताचा सिद्धान्त मांडला, आणि १९९१ मध्ये मेक्सिकोतील चिक्शुलुबचे विवर त्या अशनीचे म्हणून ओळखले गेले. लाव्हा आणि अशनी यांचा वाटा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. अशनीचा आघात निर्णायक होता याकडे बहुसंख्य तज्ज्ञांचा कल आहे.

या घटनेची दक्षिणेतील साक्ष चेन्नईपासून फार दूर नाही. अरियलूरच्या परिसरात, जेथे आज सिमेंटसाठी चुनखडी खणली जाते, तेथे एके काळी समुद्र होता. त्याच्या तळाच्या थरांत ॲमोनाइट नावाच्या, शिंगासारख्या वळलेल्या शंखांचे प्राणी विपुल आहेत. फर्डिनांड स्टोलिक्झका यांनी १८६० च्या दशकात त्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यांच्यावरच्या निन्नियूर थरात ॲमोनाइट नाहीत. नॉटिलसच्या गोत्रातले शंख मात्र आहेत. ॲमोनाइटची पिले अतिसूक्ष्म आणि पृष्ठभागाजवळ तरंगणारी, नॉटिलसची अंडी मोठी आणि खोल पाण्यात, म्हणून एक वंश गेला व दुसरा राहिला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आपल्या देवघरातील शाळिग्राम हा बहुधा गंडकीच्या खोऱ्यातील, याहून जुन्या काळचा ॲमोनाइटच असतो. त्याची पूजा अखंड चालू आहे. प्राणी मात्र एकही उरलेला नाही.

कासवे या आपत्तीतून तरली. सूर्यप्रकाश कोंडला गेल्याने हरित जीवांवर उभी असलेली अन्नसाखळी कोसळली. नद्यांतील पुष्कळ जीव कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर अवलंबून असल्याने त्यांना तुलनेने कमी झळ लागली. मऊपाठी कासवांचे कूळ आणि समुद्री कासवांच्या काही शाखा त्यातून पुढे आल्या. महाराष्ट्रातील अनेक देवळांत गाभाऱ्यासमोर जे दगडी कासव असते, ते त्या लोपाच्या काळातील दगडात, त्या लोपातून वाचलेल्या प्राण्याचे आहे.

सध्याच्या ऱ्हासाला ‘सहावा महालोप’ म्हणण्याची रीत पडली आहे. संख्येच्या दृष्टीने ते अद्याप खरे नाही: इ.स. १५०० पासून नोंदल्या गेलेल्या लुप्त जाती सुमारे नऊशे आहेत, तीन चतुर्थांशाच्या जवळपासही नाहीत. वेगाच्या दृष्टीने मात्र शब्द अतिशयोक्त नाही. नैसर्गिक लोपाच्या गतीपेक्षा आजची गती शंभर ते हजार पटींनी अधिक असल्याचे अंदाज आहेत, आणि २०१९ मध्ये जैवविविधतेविषयीच्या आंतरशासकीय मंचाने सुमारे दहा लाख जाती धोक्यात असल्याचे म्हटले. शिवाय जगातून नाहीशी होण्याआधी प्रत्येक जात एकेका ठिकाणाहून नाहीशी होते. स्थळनिष्ठ काव्याला हा पहिला टप्पाच पुरेसा मारक आहे: नेय्दलमधून कासव गेले, तर ते ओडिशात असण्याने त्या कवितेचे काम भागत नाही.

चेन्नईचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये तेथे आणि लगतच्या पुळणींवर शेकडो मृत कासवे लागली. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिले की गुदमरते. निसटून जाण्यासाठी जाळ्यात झडप बसविता येते, परंतु तिच्यावाटे काही मासळीही जाते म्हणून ती टाळली जाते. पिले उजळ क्षितिजाकडे धावतात. पूर्वी ते समुद्राचे असे, आता शहराचे आहे. वाळू तापली की माद्याच अधिक निपजतात. १९७० च्या दशकाच्या आरंभी रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी येथे रात्री किनारा चालून अंडी वाचविण्याचा उपक्रम सुरू केला. १९८८ पासून विद्यार्थ्यांची संघटना तो चालवीत आहे. अंडी उचलून कुंपणात पुन्हा पुरायची आणि पिले निघेपर्यंत राखायची, अशी ही पद्धत. ‘अकनानूरु’तील नर कासवाचे काम अखेर माणसांकडे आले आहे.

पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे सारे अपरिचित वाटू नये. कपिलराच्या ‘कुरिञ्जिप्पाट्टु’त नव्याण्णव फुलांची नामावळी आहे, एका उत्तरेकडील राजाला तमिळ रीत समजावी म्हणून हे काव्य रचले, असे परंपरा सांगते. १८८९ मध्ये ‘पत्तुप्पाट्टु’ची आवृत्ती काढणाऱ्या उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांना हस्तलिखितांत यातील काही नावे गळालेली आढळली, आणि धर्मपुरम् मठातील ताडपत्रांत ती मिळाली. एक प्रत शिल्लक होती म्हणून पाठ पूर्ण झाला. पण नाव मिळाले म्हणजे फूल मिळाले असे नव्हे. त्यांतील कित्येक नावे नेमक्या कोणत्या वनस्पतींची, याविषयी आजही मतभेद आहेत, आणि ते मिटवायचे तर पोथीपेक्षा डोंगराची अधिक गरज आहे.

मराठी संतवाङ्मयाच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘कासवी’ या शब्दाखाली दृष्टीने पिलांना पोसणारी असा संकेत, एवढीच टीप असते. तिच्यात नदीकाठची वाळू, पुरलेली अंडी आणि निघून जाणारी मादी यांचा उल्लेख यावयास हवा, आणि जमल्यास जातीचाही. लीथचे कासव जागतिक सूचीत अतिसंकटग्रस्त गणले गेले आहे. नद्यांच्या पात्रांतून वाळू उपसली जात असल्याने त्याच्या विणीच्या जागा कमी होत आहेत. टीप लिहिणाऱ्याने ती जागा प्रत्यक्ष पाहावयाची तर ते काम या पिढीतच करावे लागेल.