आयव्हीएफपूर्वीच्या चाचण्या आणि औषधांचे धोके

आयव्हीएफ म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू यांचे मीलन शरीराबाहेर घडवून तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडण्याची पद्धत. तिच्या पहिल्या चक्राआधी दांपत्याच्या हाती चाचण्यांची जी यादी पडते, तिच्यातील एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांसारख्या तपासण्या संसर्ग टाळण्यासाठी, थायरॉइड व रक्तशर्करेच्या गर्भारपण निर्धोक व्हावे म्हणून, तर थॅलेसेमियाची होणाऱ्या बाळासाठी असते, आणि त्यांच्या उपयुक्ततेविषयी फारसा वाद नाही.

गैरसमज अधिक आहेत ते एएमएचविषयी. बीजांडकोशातील लहान पुटकांतून स्रवणाऱ्या या संप्रेरकाच्या पातळीवरून बीजांडकोशांना उत्तेजन देणाऱ्या इंजेक्शनांना प्रतिसाद म्हणून साधारण किती बीजे मिळतील याचा अंदाज येतो. बीजांचा दर्जा मात्र मुख्यतः वयावर अवलंबून असल्याने, आकडा कमी आला म्हणजे मातृत्वाची वाट बंद झाली, असा त्याचा अर्थ होत नाही. भारतात आणखी एक अडचण उद्भवते: गर्भाशयाच्या अस्तराच्या पीसीआर तपासणीत क्षयजंतूंचा जनुकीय अंश सापडतो, परंतु तो मृत जंतूंचा किंवा बाहेरून मिसळलेलाही असू शकतो, म्हणून केवळ तेवढ्या अहवालावर सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करण्यापूर्वी इतर पुरावा मागणे रास्त ठरते.

आयव्हीएफच्या औषधांबाबत कर्करोगाची भीती सर्वाधिक बोलली जाते. स्तनांच्या कर्करोगाचा धोका या उपचारांनी लक्षणीय वाढत असल्याचे मोठ्या अभ्यासांत दिसलेले नाही. बीजांडकोशाच्या बाबतीत चित्र तितके स्वच्छ नाही, कारण वंध्यत्व व एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे) यांचाच त्या रोगाशी संबंध असल्याने औषधाचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते. नजीकचा आणि बराचसा टाळता येण्याजोगा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे बीजांडकोशाच्या अतिउत्तेजनाचा. बीजे पक्व करण्यासाठी शेवटी दिल्या जाणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाच्या ट्रिगर इंजेक्शनामुळे सुजलेल्या बीजांडकोशांतून असे द्रव्य स्रवते की सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील द्रव झिरपून पोटात साचतो, रक्त घट्ट होते आणि क्वचित त्याच्या गुठळ्याही होतात. तरुण, पीसीओएस (बीजांडकोशांत अनेक लहान पुटके असण्याचा विकार) असलेल्या व उच्च एएमएचच्या स्त्रियांत ही शक्यता जास्त असते, आणि एएमएच तपासण्याचा खरा लाभ येथेच होतो, कारण त्यावरून डोस कमी ठेवता येतो, अतिउत्तेजनाचा धोका कमी असलेली अँटागोनिस्ट पद्धत निवडता येते, एचसीजीऐवजी ॲगोनिस्ट ट्रिगर देता येतो, आणि गर्भधारणेतून निर्माण होणाऱ्या एचसीजीने त्रास बळावू नये म्हणून सर्व भ्रूण गोठवून प्रत्यारोपण पुढच्या चक्रावर ढकलता येते. बीजे काढून झाली म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही. पोट झपाट्याने फुगणे, वजन एकाएकी वाढणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे ही लक्षणे त्यानंतरच्या दिवसांत दिसू शकतात, म्हणून अशा वेळी रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा आणि कोणत्या रुग्णालयात जायचे, हे पहिले इंजेक्शन घेण्याआधीच उपचार केंद्राकडे विचारून ठेवावे.