खेळाडूंच्या श्रमांचे मोजमाप : संवेदकांचा उपयोग आणि मर्यादा

अंगावर धारण करण्याजोग्या संवेदकांचा, म्हणजेच सेन्सरचा, वापर उच्च स्तरावरील क्रीडा प्रशिक्षणात आता नित्याचा झाला आहे. फुटबॉलचे नियम ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१५ मध्ये सामन्यांदरम्यानही अशा उपकरणांना अनुमती दिली. भारतीय हॉकीपटूही सरावात त्यांचा वापर करतात.

खांद्यांच्या मधोमध, घट्ट बंडीच्या खिशात हे लहानसे उपकरण बसविले जाते. त्यातील जीपीएस यंत्रणा उपग्रहांच्या संकेतांवरून खेळाडूचे स्थान सेकंदाला साधारणतः दहा वेळा नोंदविते. त्वरणमापक अचानक घेतलेला वेग, थांबणे आणि धक्के टिपतो. छातीवरील पट्टा हृदयाचे ठोके मोजतो.

हॉकीच्या ६० मिनिटांच्या सामन्यात खेळाडू कितीही वेळा बदलता येतात. त्यामुळे दोन खेळाडूंनी कापलेले अंतर समान असले, तरी भरधाव धावांमुळे एकाच्या मांडीच्या स्नायूंवर कितीतरी अधिक ताण पडलेला असू शकतो. हा फरक केवळ नजरेने ओळखणे कठीण असते.

मात्र संवेदक हालचाल मोजतो, थकवा नव्हे. म्हणून सरावानंतर खेळाडूला आपले श्रम शून्य ते दहा या श्रेणीत सांगण्यास सांगितले जाते. ९० मिनिटांच्या सरावास त्याने सहा गुण दिल्यास त्या दिवसाचा भार ५४० एकक होतो. धावण्याची नोंद नेहमीइतकीच असूनही भार वाढला, तर अपुरी झोप, आजार किंवा मानसिक ताण यांचा शोध घ्यावा लागतो.

चालू आठवड्याच्या भाराची गेल्या चार आठवड्यांच्या सरासरीशी तुलना करण्याची पद्धतही प्रचलित आहे. सरासरी २,००० असताना भार ३,००० झाल्यास गुणोत्तर दीड येते आणि ते धोक्याचा इशारा मानले जाते. परंतु या गुणोत्तरावरून दुखापतीचे भाकीत करता येते, या दाव्यावर अनेक संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत.

तात्पर्य, एखाद्या आकड्याच्या आधारे खेळाडूला संघाबाहेर ठेवणे, अथवा आकडा अनुकूल आहे म्हणून दुखरा पाय घेऊन त्याला मैदानात उतरविणे, दोन्ही अयोग्य ठरते. आकडेवारीमुळे प्रशिक्षकाला नेमका प्रश्न विचारता येतो. त्याचे उत्तर मात्र खेळाडूशी बोलूनच मिळते. आपण खरे सांगितल्यास संघातील स्थान जाणार नाही, असा विश्वास खेळाडूला वाटणे त्यासाठी आवश्यक आहे.